दगड काचेत ठेवू नये

मी, श्रीमती पुतळाबाई लडकू राऊत, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार भिवंडी, धंदा वस्तऱ्यांना धार लावणे, हे माझं मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. धंद्याच्या जागी वकीलबाईंनी ‘घरकाम’ असं टाइप करून आणलं होतं. ते मी खोडलं, बाजूला सही केली आणि मग सगळाच कागद नव्याने हाताने लिहायला घेतला. सातवी फायनल झालेली आहे. अक्षर वळणदार आहे. दुसऱ्याच्या टाइपाची मला गरज नाही.

माझी बुद्धी शाबूत आहे. आमच्या डॉक्टरीणबाई अदिती गोखले यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत गेले, पुढे त्याच म्हणाल्या, पुरे. हे लिहायला मला कोणी भरीस पाडलेलं नाही. ‘रागाच्या भरात तर लिहीत नाही ना?’ असं वकीलबाईंनी विचारलं. रागात आहे. पण राग येणं म्हणजे डोकं फिरणं नव्हे, आणि तसा काही कायदा असेल तर तो त्यांनी मला दाखवावा. त्यांनी दाखवला नाही.

कलम १. माझे पती कै. लडकू राऊत, मूळ गाव दिघाशी, ता. भिवंडी, हे सन २०१९ मध्ये वारले. हयातीत त्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, आमच्यात रीतच तशी. इथे लिहावं लागतंय, आणि एकदा लिहायचंच तर स्वच्छ लिहिते. माणूस निर्व्यसनी होता, हाताला हलका होता, गिऱ्हाईकाशी गोड बोलायचा. माझ्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही. त्यांच्यावरचा माझा राग वेगळा आहे आणि तो पुढे येईल. आम्हाला एकच मुलगा, कुमार, आणि त्याची बायको नीला. याखेरीज माझ्या मिळकतीवर कोणाचा हक्क नाही.

कलम २. राहतं घर, दोन खोल्या आणि पोटमाळा, हे कुमार आणि नीला या दोघांच्या नावे निम्मं निम्मं. निम्मं म्हणजे कागदावर निम्मं, ‘तिचं काय, ती आहेच की माझ्याबरोबर’ असं म्हणून नव्हे. बँकेतली ठेव माझ्या दिवसकार्याला वापरून उरेल ती दोघांची. कानातली कुडी नीलाची. पितळेचा बंब ज्याला उचलवेल त्याने न्यावा. घराच्या मागच्या भिंतीला लूमचा कारखाना आहे. दिवसभर घर हादरतं, कपाटातल्या कपबशा वाजतात. विकायला काढलंत तर घेणाऱ्याला हे आधी सांगावं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे धार लावायचा एक दगड आहे. हिरवट काळा, वीतभर लांब, चार बोटं रुंद. हा दगड माझं स्त्रीधन आहे. माझे वडील चिंधू यांचा गणेशपुरीला धंदा होता. देवाला, आश्रमात, गरम पाण्याच्या कुंडावर आलेल्या माणसांच्या दाढ्या ते झाडाखाली बसून करायचे. त्यांना मुलगा नव्हता. डोळे अधू झाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मुलीने दुकानात बसून पुरुषाच्या गालाला वस्तरा लावायचा नाही, हे ठरलेलंच होतं. पण दगडाला हात लावू नको असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणून वडिलांनी मला धार लावायला शिकवलं, आणि लग्नात भांड्यांबरोबर हा दगड फडक्यात बांधून दिला. सासरच्या मंडळींनी भांडी मोजून घेतली आणि दगडाला ती हसली.

तेव्हा सर्वांनी लक्षात घ्यावं, की हा दगड राऊतांचा नाही. तो चिंधूंचा, आणि चिंधूंनंतर माझा. कुमारला तो ‘बाबांचा दगड’ म्हणायची सवय लागली आहे, ती त्याने सोडावी.

कलम ४. धार मी कधीपासून लावते, हेही कागदावर येऊ दे. सन १९७१ मध्ये मी लग्न होऊन आले. त्याच हंगामात कोन गावचे केसरीनाथ भोईर यांचं लग्न होतं. नवरदेवाची दाढी करायला आमचे मालक गेले, आदल्या दिवशी स्वतः धार लावून. मी दारातून बघत होते. जोर देऊन घासत होते आणि प्रत्येक फेरीला वस्तरा धारेवरून पलटत होते. मी म्हणाले, ‘अहो, तो पाठीवरून पलटायचा असतो.’ म्हणाले, ‘तू भाकरी बघ.’ दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या जबड्याखाली दोन बोटं लांब चिरलं. हळद लागलेल्या अंगावर रक्त सांडलं, अपशकुन म्हणून बायका ओरडल्या, आणि मालक घरी आले ते तोंड लपवून.

संध्याकाळी त्यांनी वस्तऱ्यांची गुंडाळी माझ्यापुढे ठेवली. त्या दिवसापासून ते वारले तोपर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षं, दुपारच्या जेवणाला ते दुकानातून वस्तरे घेऊन यायचे. ते जेवून वामकुक्षी करायचे आणि मी मोरीच्या कट्ट्यावर धार लावायची. पुढे अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले, तरी जुनी गिऱ्हाइकं जुनाच वस्तरा मागायची. ‘लडकूच्या हाताला धार आहे’ असं भिवंडीपासून कोनपर्यंत बोललं जायचं. मालक हसून मान डोलवायचे. आयत्या पिठावर रेघोट्या याहून वेगळ्या काय असतात?

कलम ५. दगडाबरोबर रीतही देते. मला आजवर ती कोणी विचारली नाही, म्हणून इथे लिहिते. मृत्युपत्रात असलं लिहीत नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या. म्हटलं, दगड दिला आणि रीत नाही दिली, तर मी चटणी वाटायचा वरवंटा दिल्यासारखंच झालं.

दगड आधी पाण्यात भिजत घालावा, बुडबुडे थांबेपर्यंत. या दगडाला पाणी, फक्त पाणी. वस्तरा आडवा, सपाट ठेवावा. पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकलेल्या हव्यात. पाठ केसभर उचलली की गेली धार. दुधावरची साय चमच्याने अलगद ओढतो, तसा वस्तरा धारेच्या अंगाने पुढे न्यावा. पातं दगडाच्या रुंदीहून लांब असतं, म्हणून सरळ ढकललं तर टोक तसंच राहतं. मुठीकडून सुरुवात करून तिरकं सरकत टोकाशी संपवावं. मग पाठीवरून पलटून परत. पाठीवरून! हे शंभरदा लिहायला लावलं तरी लिहीन. जोर अजिबात नको, वस्तऱ्याचं वजन पुरतं. ज्याच्या मनात राग असेल त्याने आधी पाणी प्यावं. मी रोज तांब्याभर प्यायचे.

दगड मधे खोलगट होत जातो. महिन्यातून एकदा लादीवर ओली वाळू पसरून त्यावर तो घासून सपाट करावा. खोलगट दगडावर धार लावणारा माणूस स्वतःला फसवतो.

वडील सांगायचे, ‘धार कानाने ऐकायची. आधी खरखर, मग आवाज बारीक होत होत रेशमासारखा झाला की थांबायचं.’ गणेशपुरीत ते जमायचं. भिवंडीत भिंतीपलीकडे चोवीस लूम. डोक्यात खटखटीशिवाय काही शिरत नसे. पहिल्या महिन्यात मी रडले. मग डाव्या हाताची बोटं पात्यावर हलकी टेकवून, पात्याची थरथर बोटांनी ओळखायला शिकले. बोटं दगडाला घासायची, सालटं निघायची, पण चुकत नसे. आणि पारख अंगठ्याने, धारेला आडवा, अलगद. धारेच्या लांबीने कधीही फिरवू नये. शुक्रवारी लूम बंद असायचे, त्या दिवशी मात्र कानाने ऐकायचं. माझा आठवड्यातला सण तो.

शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, पण उलट. पाठ पुढे, धार मागे. मग स्वतःच्या डोक्यातला एक केस धरून धारेवर टेकवावा. टेकताच पडला तर झालं. ओढावा लागला तर पुन्हा दगडावर.

कलम ६. सन २०११ मध्ये आमच्या समाजाच्या मेळाव्यात मालकांचा सत्कार झाला. ‘धारसम्राट’ अशी पदवी, शाल, श्रीफळ आणि काचेचं मानचिन्ह. मी तिसऱ्या रांगेत होते. भाषणात मालक म्हणाले, ‘माझं काही नाही, सगळी देवाची कृपा.’ टाळ्या पडल्या. मी तिथे बसल्या बसल्या स्वतःशी म्हटलं, देवाने दुपारी दगड भिजत घातला नव्हता हो! देवाची बोटं सोलली नव्हती! एक शब्द. ‘आमची मंडळी मदत करते’ इतकं अर्धवट खोटं बोलले असते तरी मी घरी येऊन पुरणपोळी केली असती. त्या रात्री पिठलं केलं. त्यांनी न विचारता खाल्लं, म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

सदर शाल कपाटात वरच्या कप्प्यात आहे. तिचे हातभर तुकडे करावेत आणि ते वस्तरे पुसायला वापरावेत. माझ्या प्रेतावर ती घालू नये. मानचिन्ह कुमारला. ते काचेत ठेवायचं असेल तर खुशाल ठेवावं.

कलम ७. हे कलम काढून टाका असं वकीलबाईंनी दोनदा सुचवलं. राहू दे.

सन २०१२ मध्ये आधार कार्डासाठी आम्ही दोघं शिबिरात गेलो. मालकांची दहाही बोटं मशीनने पहिल्या झटक्यात घेतली. माझी घेईना. डाव्या हाताची तर एकही नाही, अंगठा तर नाहीच. मशीनवरची बाई भली होती. तिने माझी बोटं पुसली, उलटी सुलटी करून बघितली आणि म्हणाली, ‘मावशी, रेषाच नाहीत हो! काय काम करता तुम्ही?’

मी मालकांकडे बघितलं. तिथे समाज नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, आमच्या ओळखीचं कोणीसुद्धा नव्हतं. त्या एका बाईपुढे खरं बोलायला काय जात होतं? मालक म्हणाले, ‘घरकाम करते ती.’

बाईने तसं लिहून घेतलं. तेव्हापासून रेशनच्या दुकानात मशीन मला ओळखत नाही. डोळा दाखवते, तेव्हा धान्य मिळतं. दर महिन्याला मला तेच आठवतं. सत्काराचं मी माफ केलं आहे. या कलमातलं केलेलं नाही, आणि वर भेट झाल्यावर पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

कलम ८. कुमार स्वभावाने वाईट नाही. दुकानाचं त्याने सलोन केलं, एसी बसवला, बापाचं नाव मोठ्या अक्षरात लावलं. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी तो टेप घेऊन आला आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या दगडाचं माप घेऊ लागला. म्हणाला, ‘काचेची पेटी करतोय आई, आत लाइट. धारसम्राटांचा दगड म्हणून पाटी. लोक फोटो काढतील. बाबांची आठवण राहील.’

मी विचारलं, ‘आणि माझी?’

म्हणाला, ‘तुझी कशाला? तू तर घरातच आहेस.’

त्याला काही वाटलंही नाही. चहा पिऊन गेला.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. कात्र्या, वस्तरे, मशिनी सगळं पाटावर मांडतात. मी अंघोळीला गेले होते. येऊन बघते तर पाटाच्या मधोमध माझा दगड, वरपासून खालपर्यंत तेलाने माखलेला, त्यावर शेंदूर, झेंडूचं फूल आणि पुढे नारळ! नीलाने केलं होतं. ‘काचेत बसणार आहे ना, मग आधी अभिषेक,’ म्हणाली. गावाच्या वेशीवरच्या देवाला करतात तसा तेल शेंदराचा अभिषेक, पाण्याच्या दगडाला! तेल आत मुरलं. वस्तरा टेकवला तर नुसता घसरला. धरायला तयारच नाही. माझ्या बापाचा दगड मेला असं मला वाटलं. मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. शेजारच्या कारखान्यातल्या लोकांनी लूम बंद करून ऐकलं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्याला कोणी विचारलं नाही, त्याचा एका सकाळी देव केला, आणि देव करून त्याला कामातून उठवलं.

कुमार म्हणाला, ‘जाऊ दे ना आई, काचेत ठेवायचा तर आहे. धार कोणाला लावायचीये?’ त्या क्षणी मी ठरवलं, की दगड कोणालाच द्यायचा नाही. माझ्याबरोबर खाडीत टाका असं लिहायचं. तसा एक कागद मी लिहिलाही होता. तो आज या मृत्युपत्राने रद्द समजावा.

कलम ९. कारण पुढे असं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत आवाज आला. नीला उकिडवी बसली होती. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात दगड बुडवलेला. माझा राग उतरला नव्हता, मी परत खोलीत गेले. तिने तो पाण्यातून काढला, उन्हात ठेवला, परत सोड्यात घातला. मग लादीवर वाळू टाकून घासायला बसली. अकरा दिवस. सलोनचा हिशेब, स्वयंपाक, सगळं सांभाळून. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, ‘एकाच बाजूला दाबतेस, वाकडा होईल.’ म्हणाली, ‘मग दाखवा ना आई.’

‘दाखवा ना.’ जन्मात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, आणि तेही जिच्यावर मी चार दिवस जळत होते तिने.

अकराव्या दिवशी दगडाने वस्तरा धरला. तो नेमका शुक्रवार होता, लूम बंद होते, आम्ही दोघींनी ऐकलं. तेव्हापासून वर्षभर दुपारी ती धार लावते आणि मी बाजूला बसून शिव्या घालते. पहिल्या आठवड्यात तीही धारेवरून पलटत होती. आता नाही पलटत.

गेल्या महिन्यात केसरीनाथभाऊ सलोनमध्ये आले, हट्टाने जुन्या वस्तऱ्याने दाढी करून घेतली आणि घरी मला सांगायला आले. ‘वैनी, आज लडकूशेठचीच धार हाय बगा! कुमारनं बापाचा हात उचलला.’

मी म्हटलं, ‘भाऊ, जबड्याखालची खूण दाखवा.’ त्यांनी हात लावला. म्हटलं, ‘ती तुमच्या लडकूशेठची धार. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांत दुसरी खूण झाली का?’

‘न्हाय.’

‘ती माझी धार. आणि आज केलीत ती नीलाची.’

गाल चोळत म्हणाले, ‘मंग इतके दिस बोलल्या का न्हाय?’

‘विचारलं कोणी?’ मी म्हटलं.

आणि एक गोष्ट. दोन महिने नीला कुरकुरत होती, की तिचा मोबाइल अंगठ्याने उघडत नाही. कुमार म्हणाला, फोन खराब झाला, नवीन घेऊ. मी तिचा हात ओढून खिडकीशी नेला. अंगठा बघितला. फोन चांगला आहे.

तरी, सदर दगड, चामड्याचा पट्टा आणि माझे पाच जुने वस्तरे मी माझी सून सौ. नीला कुमार राऊत हिला देत आहे. हे तिचं स्त्रीधन समजावं. त्यावर कुमारचा किंवा राऊतांपैकी कोणाचाही हक्क नाही. दगड काचेत ठेवू नये, त्याला तेल, शेंदूर, हार, लाइट काहीही लावू नये. खंडेनवमीला त्याला पाणी पाजावं आणि एक वस्तरा लावावा, तेवढी पूजा पुरे. तिने तो पुढे कोणाला द्यायचा हे तिने ठरवावं. विचारेल त्याला द्यावा.

कलम १०. माझ्या दहाव्याला कुमारचं मुंडन होईल. ते अर्ध्या ब्लेडने करू नये. नीलाने या दगडावर लावलेल्या वस्तऱ्याने करावं. कुमारने स्वतःचं डोकं स्वतः करू नये, कारण माझ्या जाण्याचं दुःख झालं असेल तर हात थरथरेल, आणि झालं नसेल तर मी ते बघायला येईन. मुंडन झाल्यावर त्याने डोक्यावरून हात फिरवावा, कुठे खरबरीत लागतं का ते बघावं, आणि जमलेल्या लोकांसमोर मोठ्याने सांगावं की धार कोणी लावली. बापाला जे जमलं नाही ते मुलाला जमावं, एवढीच माझी त्याच्याकडून अपेक्षा आहे. सांगितल्याशिवाय पिंड ठेवू नये. कावळा शिवणार नाही, मी सांगून ठेवते.

कलम ११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. वल्लरी प्रधान यांनी करावी. त्यांनी पुष्कळ ठिकाणी ‘हे नको’ म्हटलं आणि सगळं राहू दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. केसरीनाथभाऊंना मी काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराने काही घेतलेलं बरं दिसत नाही असं वकीलबाई म्हणतात, आणि माझी द्यायची इच्छाही नव्हती.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, खरा आहे. माझ्या पश्चात कोणी याला फाटे फोडू नयेत.

ठिकाण: भिवंडी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सही: पुतळाबाई लडकू राऊत

साक्षीदार १: डॉ. अदिती गोखले, भिवंडी. पुतळाबाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांची प्रकृती व स्मरणशक्ती उत्तम आहे.

साक्षीदार २: केसरीनाथ भोईर, मु. कोन. मला सगलं वाचून दाखवलं. माझे जबड्याखाली खूण हाय. वैनींनी लिवलंय तसंच हाय, खरं हाय.

डाव्या हाताचा अंगठा: तीन वेळा शाई लावून घेतला. ठसा काळा उमटला, रेषा उमटल्या नाहीत. रेषा न उमटण्याचं कारण इथे लिहावं लागतं म्हणून वकीलबाईंनी ‘वार्धक्य’ असं लिहिलं होतं. तेही मी खोडलं आहे.

कारण: धार लावली. वर्षे अठ्ठेचाळीस.